पृथ्वीप्रदक्षिणेच्या वह्या

२२ एप्रिल १९६९. इंग्लंडच्या फॅलमथ बंदरात ३२ फूट लांबीची एक शिडाची बोट आत येत होती. बाहेरून येणाऱ्या प्रत्येक बोटीला विचारतात तसे कस्टमच्या अधिकाऱ्यांनी हिलाही विचारले, कुठून आलात? बोटीवरच्या एकुलत्या एका माणसाने सांगितले, फॅलमथहून. ते खरेच होते. ३१२ दिवसांपूर्वी, १४ जून १९६८ रोजी, तो याच बंदरातून निघाला होता आणि वाटेत कुठेही किनाऱ्यावर पाऊल न ठेवता पृथ्वीला वळसा घालून परतला होता. न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो जगातला पहिला माणूस. त्याचे नाव रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन. बोटीचे नाव 'सुहेली'. ही बोट मुंबईत बांधलेली होती.

रॉबिन ब्रिटिश इंडिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या जहाजांवर अधिकारी होता आणि मुंबई बंदराशी त्याचा नेहमीचा संबंध होता. तिथेच त्याने 'सुहेली' बांधून घेतली. आराखडा अमेरिकेच्या विल्यम ॲटकिन यांचा, त्यामागची मूळ कल्पना नॉर्वेच्या जीवरक्षक बोटींची, लाकूड मात्र आपला साग, आणि काम इथल्या सुतारांचे. डिसेंबर १९६४ मध्ये 'सुहेली' पाण्यात उतरली. पुढे भावाला आणि एका मित्राला घेऊन रॉबिनने ती आफ्रिकेला वळसा घालून इंग्लंडला नेली. प्रदक्षिणेसाठी त्याला खरे तर मोठी, नवी, पोलादी बोट हवी होती. पण पैसे जमले नाहीत. मग मुंबईची सागवानी बोटच घेऊन तो निघाला. 'अ वर्ल्ड ऑफ माय ओन' हे त्याचे पुस्तक त्याच वर्षी, १९६९ मध्ये आले.

समुद्रावरच्या पुस्तकांना जगात तोटा नाही. हर्मन मेल्व्हिलची 'मोबी डिक' १८५१ ची, हेमिंग्वेचा म्हातारा कोळी १९५२ चा. समुद्राचे विज्ञान सामान्य वाचकापर्यंत नेणारे रेचेल कार्सन यांचे 'द सी अराउंड अस' १९५१ चे. या सगळ्यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांच्या शेजारी एक छोटा कप्पा आहे, त्याच्याकडे मराठी वाचकाचे लक्ष सहसा जात नाही. एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीला वळसा घालणाऱ्या माणसांनी लिहिलेली, किंवा त्यांच्यावर लिहिलेली, ही पुस्तके आहेत. ती वाचायला हवीत याचे मोठे कारण म्हणजे त्यांचा कच्चा माल. यातले जवळजवळ प्रत्येक पुस्तक एका वहीतून निघाले आहे. ती वही म्हणजे लॉगबुक.

बोटीवर नोंद ठेवणे हा हौसेचा भाग नसतो. दर काही तासांनी वेळ, दिशा, वेग, वाऱ्याचा जोर, वायुभारमापकाचा आकडा, कोणते शीड चढवले, कोणते उतरवले, हे लिहावे लागते. जीपीएस येण्यापूर्वी आपण कुठे आहोत हे या नोंदीवरूनच काढायचे असे. भर दुपारी सूर्य सर्वांत उंच असताना सेक्स्टंटने त्याची क्षितिजापासूनची उंची मोजली की अक्षांश निघतो. रेखांशासाठी ग्रिनिचची अचूक वेळ लागते. घड्याळ चार सेकंद चुकले तर विषुववृत्तावर बोटीचे स्थान एका सागरी मैलाने चुकते. चार मिनिटे चुकले तर साठ मैलांनी. अंधारात पुढे खडक असेल तर हा फरक जिवावर बेततो. रेखांशाचे हे कोडे अठराव्या शतकात जॉन हॅरिसन या सुतारकाम करणाऱ्या, स्वतःच्या बळावर घड्याळजी झालेल्या माणसाने कसे सोडवले, ते डाव्हा सोबेल यांच्या 'लाँजिट्यूड' या १९९५ च्या छोटेखानी पुस्तकात आहे. एकट्या खलाशांच्या कथांत शिरण्याआधी ते वाचले तर पुढची बरीच वाट सोपी होते.

लॉगबुकात खोटे लिहिणारा खलाशी सर्वांत आधी स्वतःला फसवतो, कारण उद्याचे गणित कालच्या आकड्यावर उभे असते. या कप्प्यातली चांगली पुस्तके वाचताना वादळांपेक्षा हा प्रामाणिकपणाच जास्त लक्षात राहतो. गळती कुठे लागली, हिशेब कुठे चुकला, भीती कधी वाटली, कंटाळा किती आला, हे त्यांत सरळ लिहिलेले असते.

या सगळ्यांचा मूळपुरुष जोशुआ स्लोकम. जन्म १८४४ चा, कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातला. पुढे अमेरिकेचा नागरिक. मोठमोठ्या शिडाच्या जहाजांचा तो कप्तान होता. वाफेची जहाजे आली आणि त्याच्यासारख्यांचा धंदा बसला. १८९२ मध्ये एका ओळखीच्या कप्तानाने त्याला एक जहाज देऊ केले, थोडी दुरुस्ती लागेल असे सांगून. स्लोकम पाहायला गेला तर मॅसॅच्युसेट्सच्या फेअरहेवन गावात एका शेतात जुनी मोडकी बोट पडलेली. नाव 'स्प्रे'. त्याने ती जवळजवळ नव्याने बांधली, स्वतःच्या हातांनी. १३ महिने लागले आणि खर्च आला ५५३ डॉलर ६२ सेंट. हा आकडा त्याने सेंटांसकट पुस्तकात दिला आहे, त्यावरून माणूस कळतो.

२४ एप्रिल १८९५ रोजी तो बॉस्टनहून निघाला आणि २७ जून १८९८ रोजी न्यूपोर्टला परतला. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला, मात्र थांबत थांबत. ४६ हजार मैलांच्या या प्रवासात वेळ पाहायला त्याच्याजवळ एक पत्र्याचे घड्याळ होते. किंमत दीड डॉलर, तबकडी फुटलेली म्हणून दुकानदाराने एका डॉलरला दिलेले. अशा घड्याळावर रेखांश निघत नाही. पॅसिफिकमध्ये स्लोकमने चंद्र आणि सूर्य यांच्यातले कोन मोजून, जुन्या आणि किचकट पद्धतीने, रेखांश काढला. त्याचे निरीक्षण आणि छापील कोष्टक जुळेनात. त्याने पुन्हा पुन्हा तपासले आणि शेवटी कोष्टकातच चूक असल्याचे सिद्ध केले. एका फुटक्या घड्याळाच्या मालकाने छापील पुस्तकातली चूक समुद्राच्या मधोमध शोधली, हा 'सेलिंग अलोन अराउंड द वर्ल्ड'मधला सर्वांत आनंदाचा प्रसंग आहे.

प्रसंग मात्र पुष्कळ आहेत. अझोर्स बेटांवरून निघताना आलुबुखार आणि चीज पोटभर खाल्ल्याने तो आजारी पडून केबिनमध्ये निपचित होता, तेव्हा कोलंबसच्या 'पिंटा' जहाजावरचा वाटाड्या सुकाणू धरून उभा असलेला त्याला दिसला. ताप उतरल्यावर पाहतो तो बोट नेमकी ठरलेल्या दिशेनेच जात होती. दक्षिण अमेरिकेच्या टोकाशी रात्री हल्ल्याची भीती होती, म्हणून तो डेकवर गालिच्याला ठोकायचे टोकदार खिळे पसरून झोपला, आणि अनवाणी आलेल्यांनी आरडाओरडा करून पळ काढला. दक्षिण आफ्रिकेत राष्ट्राध्यक्ष क्रूगर भेटले. पृथ्वी सपाट आहे अशी त्यांची श्रद्धा, त्यामुळे पृथ्वीभोवती फिरणाऱ्या माणसाचे काय करावे हे त्यांना उमगेना. स्लोकम हे सगळे चढ्या आवाजात न सांगता जुन्या कप्तानाच्या ठसक्यात सांगतो. त्याला पोहता येत नव्हते, हेही तो सांगून टाकतो. पुस्तक १९०० मध्ये आले. नोव्हेंबर १९०९ मध्ये तो 'स्प्रे' घेऊन पुन्हा दक्षिणेकडे निघाला आणि परत कुणालाही दिसला नाही.

स्लोकमनंतर जवळजवळ सत्तर वर्षांनी, १९६६-६७ मध्ये, फ्रान्सिस चिचेस्टर या साठी ओलांडलेल्या इंग्रजाने केवळ एकदा, सिडनीला, थांबून प्रदक्षिणा पुरी केली. आता न थांबता जाणे एवढेच बाकी राहिले. मार्च १९६८ मध्ये 'संडे टाइम्स' या ब्रिटिश वर्तमानपत्राने स्पर्धा जाहीर केली, ती गोल्डन ग्लोब. १ जून ते ३१ ऑक्टोबर या काळात निघायचे, कुठे थांबायचे नाही, कुणाची मदत घ्यायची नाही. पहिल्या येणाऱ्याला करंडक, सर्वांत कमी दिवसांत येणाऱ्याला पाच हजार पौंड. नऊ जण निघाले. एकानेच ती पुरी केली, आणि तो कोण हे वर आलेच आहे. पण या एका स्पर्धेने जे वाङ्मय दिले त्याला तोड नाही. सगळ्या नऊ जणांची गोष्ट एकत्र हवी असेल तर पीटर निकोल्स यांचे 'अ व्हॉयेज फॉर मॅडमेन' (२००१) घ्यावे. निकोल्स स्वतः एकट्याने समुद्रावर गेलेले, त्यामुळे ते कुणाला हसत नाहीत.

रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनचे पुस्तक कामाचे पुस्तक आहे. निघून काही आठवडे झाले तोच 'सुहेली'च्या तळाकडच्या फळ्यांमधून पाणी आत येऊ लागले. बोट थांबवून तो पाण्याखाली उतरला. फटीत नुसता कापूस टिकेना, तेव्हा त्याने तो कॅनव्हासच्या लांब पट्टीवर शिवला आणि ती पट्टी तांब्याच्या खिळ्यांनी बाहेरून ठोकली. श्वास रोखून बुडी मारायची, एखादा खिळा ठोकायचा, वर यायचे. शार्कला फिकट अंग दिसू नये म्हणून गडद कपडे घालून. एक शार्क घुटमळू लागल्यावर वर येऊन तो बंदुकीने मारला आणि पुन्हा पाण्यात उतरला. पुढे आपोआप सुकाणू सांभाळणारी यंत्रणा मोडली, रेडिओ बंद पडला, पिण्याचे पाणी खराब झाले. न्यूझीलंडच्या किनाऱ्याजवळ नोव्हेंबरमध्ये तो दिसला, त्यानंतर साडेचार महिने त्याची काही खबर नव्हती. ६ एप्रिल १९६९ रोजी अझोर्सजवळ एका तेलवाहू जहाजाला तो भेटला तेव्हा जगाला कळले की हा जिवंत आहे. पुस्तकात या काळाचे वर्णन करताना लेखक कुठेही हौतात्म्याचा आव आणत नाही. आज हे मोडले, असे दुरुस्त केले, जेवायला हे होते. सागाच्या त्या फळ्यांनी शेवटपर्यंत साथ दिली, आणि हे वाचताना मुंबईकराला अभिमान वाटला तर त्यात गैर काही नाही.

याच स्पर्धेतला बर्नार्ड मोइतेसिए हा अगदी वेगळा माणूस. जन्म १९२५, हनोईचा. बालपण तेव्हाच्या फ्रेंच इंडोचायनात, तिथल्या कोळ्यांमध्ये आणि त्यांच्या पडावांमध्ये गेलेले. तरुणपणी दोन बोटी खडकांवर फोडून झालेल्या, त्यांतली एक हिंदी महासागरातल्या दिएगो गार्सियाला. स्पर्धेला आणलेली बोट ३९ फुटी, पोलादी, डोलकाठ्या टेलिफोनच्या खांबांच्या, आणि नाव 'जोशुआ', अर्थात स्लोकमवरून. रेडिओ त्याने घेतलाच नाही. वाटेत जहाज भेटले की चिठ्ठ्या आणि फिल्म डबीत घालून तो गलोलीने त्या जहाजाच्या डेकवर मारायचा.

मोइतेसिए केप हॉर्न ओलांडून अटलांटिकमध्ये शिरला. आता उत्तरेला वळायचे आणि इंग्लंड गाठायचे एवढेच राहिले होते, आणि वेगाचे बक्षीस मिळण्याची त्याला चांगली आशा होती. तो वळला नाही. मार्च १९६९ मध्ये केप टाउनजवळ एका जहाजावर त्याने गलोलीने चिठ्ठी टाकली: आपण पुढेच जात आहोत, कारण समुद्रावर आपण सुखी आहोत. दुसऱ्यांदा केप ऑफ गुड होप आणि ऑस्ट्रेलियाच्या खालून जाऊन तो २१ जूनला ताहितीला पोहोचला. त्याचे 'ला लाँग रूत' १९७१ मध्ये फ्रेंचमध्ये आले आणि 'द लाँग वे' या नावाने इंग्रजीत मिळते.

हे पुस्तक काहींना फार आध्यात्मिक वाटते. पण त्यातला सर्वांत चांगला भाग एका निरीक्षणाचा आहे. न्यूझीलंडच्या दक्षिणेला स्ट्यूअर्ट बेटाजवळ डॉल्फिनसारख्या प्राण्यांचा मोठा थवा बोटीभोवती आला आणि वारंवार उजवीकडे झेपावू लागला. मोइतेसिएने होकायंत्र पाहिले तर वारा फिरलेला, आणि बोट नकळत खडकांच्या दिशेने चाललेली. दिशा बदलल्यावर थव्याचे वागणे बदलले. त्याने हे जसे घडले तसे लिहिले आहे आणि त्याचा अर्थ लावताना घाई केलेली नाही. तंत्राची माहिती हवी असणाऱ्यालाही हे पुस्तक निराश करत नाही, दक्षिणेकडच्या प्रचंड लाटांपुढे बोट कशी धरावी याविषयीची त्याची पाने खलाशी आजही वाचतात.

आता तिसरा माणूस. डोनाल्ड क्रोहर्स्टचा जन्म १९३२ चा, गाझियाबादचा. वडील भारतातल्या रेल्वेत नोकरीला होते. इंग्लंडला गेल्यावर त्याने बोटींसाठी दिशादर्शक यंत्र बनवण्याचा छोटा धंदा काढला. तो चालेना. गोल्डन ग्लोब जिंकलो तर यंत्राची जाहिरात होईल असा त्याचा हिशेब. समुद्राचा अनुभव सुट्टीच्या दिवशी बोट फिरवण्यापुरता. एका व्यावसायिकाने पैसे दिले, पण सफर फसली तर बोट क्रोहर्स्टनेच विकत घ्यायची अशा अटीवर. म्हणजे धंदा गेला असता आणि घरही. बायको आणि चार मुले मागे ठेवून, शेवटच्या दिवशी, ३१ ऑक्टोबर १९६८ ला, तो अर्धवट तयार 'टेनमथ इलेक्ट्रॉन' घेऊन निघाला.

पंधरा दिवसांत त्याला कळून चुकले की ही बोट दक्षिण महासागरात टिकणार नाही. लॉगबुकात त्याने याची कारणे एकेक करून, थंड डोक्याने लिहिली आहेत. पुढे जाणे म्हणजे मरण आणि मागे फिरणे म्हणजे दिवाळे. मग डिसेंबरात त्याने रेडिओवरून एका दिवसात २४३ मैल तोडल्याचा दावा केला, आणि वर्तमानपत्रांनी तो उचलून धरला. प्रत्यक्षात तो अटलांटिकमध्येच घुटमळत होता. मार्चमध्ये अर्जेंटिनाच्या एका छोट्या ठिकाणी गुपचूप थांबून त्याने बोट दुरुस्तही केली. एका वहीत खरे स्थान, दुसरीकडे न केलेल्या प्रवासाची तयारी.

खोटे लॉगबुक लिहिणे किती अवघड असते, हे इथे समजून घेतले पाहिजे. खरा खलाशी सूर्याची उंची मोजून स्थान काढतो. खोटे लिहिणाऱ्याला आधी स्थान ठरवून, त्या ठिकाणी त्या दिवशी सूर्य किती उंच दिसला असता हे उलट्या गणिताने काढावे लागते. शिवाय तिथला वारा, ढग, वायुभार हे सगळे जुळवावे लागते. चिचेस्टर यांना त्याच्या दाव्यांचा संशय आला होताच. क्रोहर्स्टचा बेत होता की आपण शेवटचे यावे. शेवटच्याच्या वह्या कुणी बारकाईने तपासत नाही. पण स्पर्धेत पुढे असलेल्या नायजेल टेटलीला वाटले की क्रोहर्स्ट मागून जोरात येतो आहे. त्याने आपली खिळखिळी झालेली बोट ताणली आणि २१ मे १९६९ रोजी ती अझोर्सजवळ फुटून बुडाली. टेटली वाचला. क्रोहर्स्ट मात्र आता पाच हजार पौंडांचा विजेता ठरणार होता, आणि त्याच्या वह्या जगातले जाणकार उघडणार होते.

जूनच्या शेवटच्या दिवसांत त्याने हजारो शब्द लिहिले. त्यात नौकानयन जवळजवळ नाही. देव, काळ, गणित आणि माणसाची सुटका आहे. शेवटची नोंद १ जुलैची. १० जुलैला 'पिकार्डी' नावाच्या टपालजहाजाला रिकामी बोट सापडली. लॉगबुके टेबलावर होती.

'संडे टाइम्स'चे पत्रकार निकोलस टोमालिन आणि रॉन हॉल यांनी त्या वह्यांचे पान न् पान वाचून १९७० मध्ये 'द स्ट्रेंज लास्ट व्हॉयेज ऑफ डोनाल्ड क्रोहर्स्ट' लिहिले. त्यांच्याच वर्तमानपत्राने ही स्पर्धा भरवली होती, हे विसरता कामा नये. तरीही त्यांनी एका फसवणाऱ्या माणसाविषयी तिरस्काराने लिहिले नाही. खोट्या आकड्यांच्या आड माणूस कसा एकटा पडत गेला ते त्यांनी वहीतल्या खाडाखोडींवरून उलगडले. समुद्रावरच्या पुस्तकांत याहून भेदक पुस्तक सापडणे कठीण. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टनने वेगाचे पाच हजार पौंड क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले.

या मालिकेत तान्या एबी हिचे नाव घ्यायलाच हवे. न्यूयॉर्कची ही मुलगी. वडिलांनी पर्याय दिला: महाविद्यालयाचा खर्च करतो, नाहीतर छोटी बोट घेऊन देतो, पण बोट घेतलीस तर एकटीने पृथ्वीला वळसा घालायचा. १९८५ मध्ये, अठराव्या वर्षी, ती २६ फुटी बोट घेऊन निघाली. बोटीचे नाव 'वरुणा'. सेक्स्टंट वापरणे ती वाटेत शिकली. १९८७ मध्ये ती परतली तेव्हा सर्वांत लहान वयाच्या विक्रमाची चर्चा होती, पण तो तिला मिळाला नाही. दक्षिण पॅसिफिकमध्ये ८० मैल तिच्यासोबत एक जण होता. क्रोहर्स्टच्या कथेनंतर हे ८० मैल फार मोठे वाटतात. तिचे 'मेडन व्हॉयेज' १९८९ मध्ये आले. घरात सतरा-अठरा वर्षांचे कुणी असेल तर त्यांच्या हाती पहिले हे द्यावे.

मराठी वाचकाला परिक्रमेचे लेखन नवे नाही. गो. नी. दांडेकरांच्या 'कुणा एकाची भ्रमणगाथा'ने नर्मदेची वाट कित्येक घरांत नेली. भारतीय नौदलाने २००६ च्या सुमारास आपला एकट्याच्या पृथ्वीप्रदक्षिणेचा प्रकल्प हाती घेतला तेव्हा त्याला नाव दिले सागर परिक्रमा. त्यामागचे प्रेरणास्थान होते व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी, १९७१ च्या युद्धातले वीरचक्र विजेते, निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णी गावात राहिलेले. एखाद्या भारतीयाने भारतात बांधलेल्या शिडाच्या बोटीतून एकट्याने जगाला वळसा घालावा, हा ध्यास त्यांनी कित्येक वर्षे धरला होता. पुढे आले कमांडर दिलीप दोंदे. ते नौदलातले पाणबुडे. एकट्याने महासागर ओलांडण्याचा अनुभव नव्हता. ते शिकायला गेले थेट सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे. मुंबईत बांधलेल्या बोटीच्या नाखव्याने असे ते ऋण फेडले.

बोट बांधली गोव्याच्या दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात. लाकूड आणि फायबरग्लासची, ५६ फुटी. नाव 'म्हादेई', गोव्याच्या म्हादई नदीवरून. दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले; ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल, न्यूझीलंडमध्ये लिटलटन, फॉकलंड बेटांवर पोर्ट स्टॅनली आणि मग केप टाउन असे चार थांबे घेऊन १९ मे २०१० रोजी परतले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. 'द फर्स्ट इंडियन' हे त्यांचे इंग्रजी पुस्तक २०१४ मध्ये आले. त्यात समुद्राइतकीच बोट उभी राहण्याची हकिकत रंगते. अशी बोट आधी कधी न बांधलेला कारखानदार, अशी सफर आधी कधी न केलेला खलाशी आणि ऐंशीच्या घरातले ॲडमिरल, या तिघांनी एकमेकांवर टाकलेला विश्वास हा त्या पुस्तकाचा कणा आहे. कागदपत्रे, परवानग्या आणि सुट्या भागांच्या मागे धावणे, हेही त्यात आहे, आणि आपल्याकडे काही नवे करू पाहणाऱ्याला ती पाने फार ओळखीची वाटतील.

दोंदे यांना किनाऱ्यावरून मदत करणाऱ्यांत अभिलाष टॉमी होते. पुढे त्याच 'म्हादेई'तून ते १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईहून निघाले आणि कुठेही न थांबता ३१ मार्च २०१३ रोजी गेटवे ऑफ इंडियासमोर परतले. त्या दिवसांची संख्याच त्यांच्या पुस्तकाचे नाव झाली, '१५१'. २०१८ मध्ये गोल्डन ग्लोबच्या पन्नाशीनिमित्त जुन्या पद्धतीची स्पर्धा झाली. जीपीएस नाही, सेक्स्टंट आणि कागदी नकाशे. टॉमींची 'थुरिया' ही गोव्यात बांधलेली, 'सुहेली'चीच प्रतिकृती. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळात तिच्या डोलकाठ्या मोडल्या आणि टॉमींच्या पाठीच्या कण्याला गंभीर दुखापत झाली. तीन दिवसांनी 'ओसिरिस' या फ्रेंच गस्ती जहाजाने त्यांना वाचवले. कण्यात टायटॅनियमच्या पट्ट्या घालून घेतलेले टॉमी २०२२ च्या स्पर्धेत पुन्हा उतरले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले. पहिली आली दक्षिण आफ्रिकेची कर्स्टन नॉयशेफर. या सफरींवर आणखी पुस्तके यायला हवीत. तशीच ती 'तारिणी'वरही हवीत. गोव्यातल्या त्याच कारखान्यात बांधलेल्या या बोटीतून लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा स्त्रिया १० सप्टेंबर २०१७ रोजी निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी गोव्याला परतल्या. त्यांना तयार केले होते दोंदे यांनी.

सुरुवात स्लोकमपासून करणे सर्वांत सोयीचे. पुस्तक आटोपशीर आहे, आणि स्वामित्वहक्क केव्हाच संपल्यामुळे इंटरनेटवर मोफत मिळते. त्यातले जुने नौकानयनाचे शब्द पहिल्या वाचनात सोडून दिले तरी अडत नाही. त्यानंतर नॉक्स-जॉन्स्टन आणि लगेच क्रोहर्स्टवरचे पुस्तक, याच क्रमाने. कारण एकाच समुद्रावर एकाच वर्षी लिहिलेल्या दोन वह्या शेजारी ठेवल्याशिवाय दुसरीचे दुःख पुरते कळत नाही. मोइतेसिएला निवांत सुट्टी लागते. दोंदे यांचे पुस्तक कधीही, कुठल्याही पानापासून उघडावे. आणि हे सगळे वाचताना जवळ पृथ्वीचा गोल असावा. भिंतीवरच्या सपाट नकाशात दक्षिण महासागर खालच्या काठाला एका पट्टीसारखा दिसतो. गोल उलटा धरून दक्षिण ध्रुवाकडून पाहिला की केप ऑफ गुड होप, केप लीउविन आणि केप हॉर्न यांच्यामधून सलग फिरणारे पाणी दिसते आणि या सगळ्या बोटी इतक्या खाली कशासाठी उतरतात ते ध्यानात येते.